विरजण, इन्सुलिन आणि शाळेतले प्रश्न

दुधाला विरजण लावले, की जिवाणू रात्रभर राबतात आणि सकाळी दही तयार होते. या जिवाणूंना दुसरे काम शिकवता येईल का? १९७८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनची जनुके जिवाणूत घातली. १९८२ मध्ये त्या इन्सुलिनला औषध म्हणून मान्यता मिळाली. सुटे भाग जोडून यंत्र बनवावे, तशी जनुके जोडून सजीवाला नवे काम देणारे शास्त्र म्हणजे सिंथेटिक बायॉलॉजी.

‘आयजेम’ ही त्यातली विद्यार्थ्यांची स्पर्धा २००४ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत सुरू झाली. पुण्याच्या ‘आयसर’चे आणि मुंबईच्या ‘आयसीटी’चे संघही तीत उतरले आहेत. तिथे प्रयोगाबरोबर लोकसंवादही जमेस धरतात. म्हणून अनेक संघ शाळांत जाऊन हा विषय समजावतात.

मोहोपाड्याच्या शाळेत असे विद्यार्थी आले, तर मुलांनी काय विचारावे? शेजारच्या रसायनीच्या नावातच रसायन आहे. पाताळगंगेकाठी कारखाने आधी आले, नदीविषयीचे प्रश्न मागाहून. म्हणून पहिलाच प्रश्न असावा: बदललेला जिवाणू ओढ्यात गेला तर? प्रयोगशाळेत सहसा दुबळे वाण वापरतात आणि काम संपल्यावर कुकरसारख्या यंत्रात, दाबाखालच्या १२१ अंशांच्या वाफेत मारतात. हे पाहुण्यांनी न विचारताही सांगावे. नव्या शास्त्राबाबत तरी प्रश्न आधी यायला हवेत.