बी ते झाड (भाग ६) : कोयीतला आंबा

गेल्या आठवड्यात आपण कागदी लिंबाच्या बिया पेरल्या. लिंबाचं रोप बहुतेक वेळा आईच्या वळणावर जातं. आंब्याचं तसं नाही. आढीतले शेवटचे आंबे संपत आले की दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, ‘हापूसची कोय लावली तर हापूस येईल का?’

नाही येणार. हापूस, केसर, लंगडा, दशहरी या आपल्याकडच्या नावाजलेल्या जाती एकभ्रूणी आहेत. कोयीत एकच गर्भ असतो आणि तो दोन झाडांचा मिळून झालेला असतो. आई आपल्याला ठाऊक असते. मोहोरावरच्या माश्यांनी पराग कुठल्या झाडावरून आणला, ते कुणालाच ठाऊक नसतं. केरळकडच्या ओलूर, वेल्लईकोलंबन यांसारख्या जातींचं निराळं आहे. त्यांच्या एका कोयीतून तीन-चार कोंबही फुटतात आणि त्यांतले बहुतेक थेट आईच्याच पेशींतून झालेले, म्हणून हुबेहूब आईसारखे असतात. हापूसला ही सोय नाही. रत्नागिरी-देवगडचा हापूस फांदीवरून फांदी घेत, कलमांवरच टिकला आहे.

मग कोय लावायचीच कशाला? मी तर म्हणेन, जरूर लावा. पहिला हापूसही कधीतरी एका कोयीतूनच उगवला होता. शास्त्रज्ञांनाही नवी जात हवी असते तेव्हा कोयीपाशीच यावं लागतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेला ‘रत्ना’ १९८१ साली लागवडीसाठी दिला गेला, तो असाच.

आणि कोयीतूनच उगवलेले आपले रायवळ आंबे! शेपूच्या वासाचा तो शेपू, साखरेसारखा तो साखऱ्या, चोखून खायचा तो बिटकी. कोकणात घराघरांच्या परड्यात असं एकेक झाड, आणि प्रत्येकाचं नाव निराळं, कारण प्रत्येकाची चव निराळी. असं झाड तोडलं की ती चव कायमची जाते. कलम बांधून ठेवलेलं नसेल तर ती परत आणता येत नाही. रायवळांची तोड पाहून मला फार वाईट वाटतं.

आता कामाला लागू. आंब्याची बी सुकवून डब्यात ठेवायची नसते. ती वाळली की मेली. आंबा खाल्ला की कोय घासून धुवा, हाताला बुळबुळीत लागू नये म्हणून एक-दोन दिवस सावलीत ठेवा आणि आठवड्याच्या आत लावा. जमल्यास कवच काढा. मी अडकित्त्याने कोयीची पातळ कड जरा जरा कुरतडते, मग दोन्ही अंगठ्यांनी कवच शिंपल्यासारखं उघडते. आत कागदासारख्या तपकिरी सालीत गुंडाळलेली, मूत्रपिंडाच्या आकाराची बी असते. ती टणक आणि पांढरट-हिरवी असली तर उत्तम. पोखरून काळा भुगा झाला असेल, तर कोयीतल्या भुंग्याने ती आधीच खाल्ली आहे. आंबा बाहेरून निर्मळ दिसत असतानाही आत हा भुंगा असू शकतो, म्हणून उघडून बघणं बरं.

पिशवी खोल घ्या, वीतभर तरी, कारण सोटमूळ पानांच्या आधी खाली धावतं. बीची फुगीर कड वर, खोलगट कड खाली ठेवून ती जेमतेम झाकेल एवढीच माती घाला. माती ओली हवी, चिखल नको. दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो आणि पानं उलगडतात ती तांबूस, रेशमासारखी मऊ. ती जून होऊन हिरवी होईपर्यंत रोप उन्हात काढू नका.

ज्यांना हापूसच हवा आहे, त्यांनी याच तांबूस पानांच्या वेळी कोय कलम करायचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या प्रयत्नांमुळे कोकणात ही पद्धत चांगली रुळली आहे. रोप पंधरा-वीस दिवसांचं असताना कोयीपासून चार बोटांवर शेंडा कापा, मधोमध उभी चीर द्या. हापूसची तेवढ्याच जाडीची, टोकाचा डोळा फुगलेली काडी खाली पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवा. निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे, सगळं काम तिथेच आहे. प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. हवेत ओल असते म्हणून जुलै-ऑगस्ट यासाठी चांगले. जोडाखाली फुटणारे कोंब मात्र दिसताक्षणी खुडा, नाहीतर रायवळ वर येतो आणि हापूस मरतो.

पाच कोयी लावल्यात तर चारांवर कलम बांधा. पाचवी तशीच वाढू द्या. तिला फळ धरायला सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्तही लागतील. आंबट निघाला तर लोणच्याला होईल. गोड निघाला, तर त्याला नाव तुम्हीच ठेवायचं आहे.

पुढच्या आठवड्यात फणसाची आठळी. तीही वाळवायची नसते, म्हणून आज फणस फोडलात तर चार आठळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.