उठावाआधी कागद

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपर-मुलुंडकडेही सोसायट्यांच्या दिवाळी प्रदर्शनांत पणत्या-कंदिलांशेजारी हाताने केलेली शुभेच्छापत्रं मांडलेली दिसतात. त्यांवरची मेहनत मनापासूनची असते. कागद मात्र बहुधा हाताशी आला तो. माझा आग्रह एवढाच, की उठावाचं, म्हणजे कागद दाबून नक्षी उठवण्याचं, काम शिकवणाऱ्यांनी आधी कागद शिकवावा.

सगळं गणित तंतूंचं आहे. होजिअरीच्या सुती कात्रणांचा लगदा पाण्यात कालवतात, त्यात जाळीची चौकट बुडवून उचलतात, वर आलेला थर कापडावर उलटा करतात, दाबून पाणी काढतात आणि वाळवतात. या हातकागदातले तंतू लांब आणि चिवट असतात. साच्याचा दाब पडला की ते ताण सोसतात, त्यामुळे नक्षी खोल उतरते. चकचकीत लेपाच्या कार्डशीटवर तेवढाच दाब दिला तर कडेला बारीक भेगा पडतात. शिवाय यंत्रावरच्या कागदात तंतू मुख्यतः एका दिशेने पडतात, म्हणून घडी एका बाजूने सरळ बसते आणि दुसऱ्या बाजूने फाटल्यासारखी दिसते. हातकागदात हा त्रास फारसा नाही.

गंमत अशी, की आज आपल्याला हवाहवासा वाटणारा खरखरीतपणा जुन्या कागद्यांना नकोच होता. दौलताबादजवळचं कागझीपुरा, तसंच जुन्नर, ही कागदाची जुनी ठिकाणं. बोरूने लिहायचं तर पृष्ठभाग घोटून गुळगुळीतच लागे. पुढे गिरणीच्या कागदाने हा धंदा मोडला. गांधीजींच्या पुढाकाराने १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्यात हातकागदाला पुन्हा हात लागला. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. लिहिण्याच्या कागदात गिरणीशी टक्कर अवघडच होती. शुभेच्छापत्रं, पाकिटं, लग्नपत्रिका यांत मात्र पोताला किंमत आली.

उपनगरांचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाचं मुख्यालय पार्ल्यात, इर्ल्याला. बोरिवलीचं कोरा केंद्र लोकांना गरब्याच्या मैदानामुळे ठाऊक असलं, तरी ते मूळचं ग्रामोद्योगांचं केंद्र. शुभेच्छापत्रांच्या वर्गांनी एखादा दिवस तरी लगद्यात हात घालायला लावावा, असं मला फार वाटतं.

उठावाच्या पद्धतींत मला शाईविना केलेला कोरडा उठाव सर्वांत आवडतो. जाड पुठ्ठ्यात नक्षी कापायची, खालून उजेड येईल अशा काचेवर ठेवायची, वर कागद उलटा ठेवून गोल टोकाच्या हत्याराने कडा दाबत जायचं. ठिपक्यांची रांगोळी यासाठी उत्तम. बारीक नाजूक रेषा जाड पोतात हरवतात. ओल्या शाईवर पावडर टाकून गरम हवेने फुलवण्याची पद्धत झटपट चमक देते, पण तिथे उठाव कागदाचा नसतो, वितळलेल्या पावडरीचा असतो. लग्नपत्रिकेवरचा गणपती खाली-वर दोन जुळ्या साच्यांत दाबून उठवतात. पत्रिकांच्या छापखान्यांनीच हे कसब रोजच्या वापरात ठेवलं.

मुंबईची हवाही लक्षात घ्यावी. पावसाळ्यात हातकागद ओल पितो आणि पातळ गोंद लागला की वाकडा होतो. तिथे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी. उलट ऑक्टोबरच्या उन्हात कागद कोरडा पडला असेल, तर दाबण्याआधी मागून ओलसर फडका फिरवावा. टपालाने पाठवायचं असेल, तर नक्षीभोवती जाड पुठ्ठ्याची खिडकी चिकटवावी, नाहीतर गठ्ठ्याच्या दाबाखाली उठाव बसतो.