रात्री अकरानंतर, भेस्तानहून

नव्वदच्या दशकात माझे मामा भेस्तानला लूमच्या खात्यात कामाला होते. बारा तासांची पाळी संपली, जेवण झालं, तरी महिन्यातून एका रात्री ते झोपायचे नाहीत. अकराला दहा कमी असताना एसटीडी बूथच्या बाकावर येऊन बसायचे. बाकावर आधीच सात-आठ जण असत, बहुतेक आपल्याच भागातले: अमळनेर, शिंदखेडा, पारोळा, नंदुरबार. सगळ्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. अकरा वाजले की एसटीडीचा, म्हणजे परगावच्या कॉलचा, दर दिवसाच्या पाव व्हायचा.

भेस्तान म्हणजे सुरतेच्या दक्षिणेचं उपनगर, उधना आणि सचिन यांच्या मधलं स्टेशन. शेजारी पांडेसराच्या गिरण्या, पलीकडे उधना, डिंडोली, लिंबायत. या सगळ्या पट्ट्यात खानदेशातून आलेली माणसं इतकी, की दुकानात गुजरातीत भाव विचारणारा माणूस वळून बायकोशी अहिराणीत बोलतो. उधन्याहून निघणारी ताप्ती व्हॅलीची गाडी बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर करत जळगावला पोचते. तीनशेएक किलोमीटरचा हा रस्ता. गाडीचं भाडं परवडायचं, खाडा परवडायचा नाही. म्हणून फोन.

तेव्हाचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळी काटकसर त्यातूनच निघाली. बिल मिनिटावर नव्हे, पल्सवर होई. एका युनिटची किंमत ठरलेली. गाव जितकं लांब, तितके एका युनिटमध्ये कमी सेकंद. अंतर रेल्वेचं नव्हे, नकाशावरचं सरळ रेघेतलं, आणि त्याचे टप्पे पाडलेले. नंदुरबार दोनशे किलोमीटरच्या आत, जळगाव त्याच्या बाहेर. त्यामुळे नंदुरबारच्या माणसाचा आकडा सावकाश पळे, जळगाववाल्याचा भराभर. रात्री युनिटचा दर तोच राही, फक्त त्यातले सेकंद वाढत.

मामा हे शाळेत शिकले नव्हते, यंत्राच्या लाल आकड्यांवरून शिकले होते. बोलताना त्यांचं एक बोट फोनच्या खटक्यावर असायचं. आकडा बदलला की पुढचा बदलायला किती वेळ लागतो याचा अंदाज त्यांना होता. बोलणं संपत आलं की नवं युनिट पडायच्या आत ते खटका दाबत. बाहेर चिरचिर करत चिठ्ठी निघे. काय काय बोलायचं याची यादी ते आधीच कागदावर काढून आणत: बियाणं, धाकटीचं स्थळ, म्हातारीचा डोळा, मनिऑर्डर पोचली का. यादीत नसलेलं काही निघालं तर ते पुढच्या महिन्यावर.

गावात फोन एकच, किराणा दुकानदाराकडे. अशा दुसऱ्याकडच्या फोनला आपण पी.पी. नंबर म्हणत असू. मामांच्या गावच्या पत्त्याखाली तो नंबर आणि कंसात 'पी.पी.' असं लिहिलेलं पत्र आजही आमच्या घरी आहे. पण अकराला दुकानदार झोपलेला असणार. म्हणून गाडीने गावी जाणाऱ्या कोणाहाती निरोप जाई की अमुक तारखेला रात्री करतो. आजी घोंगडी घेऊन त्याच्या ओट्यावर बसून राही. रिसीव्हर उचलला की तिचं पहिलं वाक्य नेहमी तेच: 'बरा शे ना रे भाऊ?' दुकानदाराने या जागरणाचे कधी पैसे घेतले नाहीत. त्या माणसाचं ऋण आमच्या घरावर आहे.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली तेव्हा मात्र कुणी अकराची वाट पाहिली नाही. भर दुपारी, पूर्ण दराने बूथवर रांगा लागल्या. लाखो माणसं शहर सोडून निघाली होती आणि गावाकडे प्रत्येकाला एवढंच ऐकायचं होतं की आपला माणूस गाडीत बसला. मामांनी त्या दिवशी तीन शब्द बोलून फोन ठेवला.

याच काळात अमेरिकेतल्या मराठी घरांतही पैसे वाचवायची खटपट चालू होती, फक्त तिकडे आयुध वेगळं होतं. १९८४ मध्ये एटीअँडटीची मक्तेदारी मोडली आणि लांबच्या कॉलसाठी अनेक कंपन्या उतरल्या. आपली ठरलेली कंपनी टाळून दुसरीच्या तारेवरून कॉल न्यायचा, तर नंबराआधी तिचा संकेतांक फिरवायचा. १०-१०-२२० हा त्यातला गाजलेला. वीस मिनिटांपर्यंत ९९ सेंट अशी त्याची जाहिरात. गोम अशी, की समोरून उत्तर देणारं यंत्र बोललं आणि तुम्ही अर्ध्या मिनिटात फोन ठेवला, तरी ९९ सेंट गेलेच. भारतात फोन करायला देशी किराण्याच्या गल्ल्यावर मिळणारी कार्डं आली, त्यांचंही तसंच. जोडणीचा आकार, मिनिटं वर ओढून मोजणं, ठरावीक दिवसांनी उरलेले पैसे बुडणं. २००८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने काही कार्डविक्रेत्यांना कोर्टात खेचलं, कारण छापलेली मिनिटं हातात पडतच नव्हती.

आपल्याकडेही ही वाट थोडीफार निघाली. बीएसएनएलचं आयटीसी कार्ड खरवडून त्यातला गुप्त क्रमांक टाकला की कुठल्याही फोनवरून बोलता येई आणि पैसे कार्डातून जात. जवळच्या काही शहरांसाठी शून्याऐवजी ९५ लावून स्वस्तात बोलायची सोय झाली. मुंबई-पुणे, दिल्ली-नोएडा करणारे लोक ती विसरणार नाहीत. दर कॉलला कंपनी निवडण्याची मुभा ग्राहकाला मिळावी म्हणून २००२ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, पाऊल उचललं होतं. एक्स्चेंजमधली यंत्रणा बदलायची तर खर्चाचा प्रश्न उभा राहिला, आणि तोवर दरच कोसळू लागले. ती निवड आपल्या हातात कधी आलीच नाही.

मोबाइल आला आणि भेस्तानची अडचण वेगळ्याच जागी सरकली. आता अंतराला किंमत नव्हती, सर्कलला, म्हणजे मोबाइल सेवेसाठी आखलेल्या हद्दीला, होती. गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये, सुरत गुजरातच्या. त्यामुळे नंदुरबारहून पणजीला केलेला मोबाइल कॉल सर्कलच्या आतला, आणि त्याच्या चौथाई अंतरावरच्या भेस्तानला केलेला एसटीडी! २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले, पण आपल्या सर्कलमध्ये असाल तरच. गावचं सिम घेऊन सुरतेत राहिलात तर आईचा फोन उचलायलाही पैसे पडत. मला हा अन्याय वाटायचा, आजही वाटतो. ज्यांना पोटासाठी हद्द ओलांडावी लागते, त्यांच्याकडूनच हद्दीचा कर घेतला जात होता.

माणसांनी त्यावर आपला तोडगा काढला. दोन सिम. नवापूर स्टेशनातून राज्याची सीमा जाते, तिथलं एक बाकडं अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. गाडी तिथे थांबली की डब्यात पाठीमागची झाकणं उघडल्याचे आवाज सुरू होत. बॅटरी काढायची, गुजरातचं सिम पाकिटातल्या तिकिटाच्या घडीत ठेवायचं, महाराष्ट्राचं बसवायचं, आणि ते नखाएवढं कार्ड सीटखाली पडू नये म्हणून मांडीवर रुमाल पसरायचा. पुढे दोन सिमचे फोन आले तेव्हा या पट्ट्यात ते हातोहात गेले. शिवाय मिस्ड कॉल होताच. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू कर.

मार्च २००६ मध्ये बीएसएनएल-एमटीएनएलने देशभर मिनिटाला एक रुपया केला. २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा आला. जुलै २०१५ पासून सर्कल बदलूनही नंबर तोच ठेवता येऊ लागला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं, आणि काही काळातच देशातल्या कॉलचा वेगळा हिशेब करायचं कुणाला कारण उरलं नाही. पिवळे बूथ झेरॉक्सची, मोबाइल रिचार्जची दुकानं झाले.

काटकसरीची जागा आता रिचार्जमध्ये आहे. गावातल्या म्हाताऱ्यांचे फोन बटणांचे, त्यांना इंटरनेट लागत नाही, तरी रोजच्या डेटासकटचा पॅक त्यांच्या गळ्यात पडतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅकही ठेवायला लावले. दुकानदार असा पॅक आपणहून दाखवतोच असं नाही, तेव्हा मागून घ्या. परदेशी बोलायचं असेल तर व्हॉट्सअॅप आहेच. साधा आयएसडी कॉल लावायचा तर आधी पॅक तपासा, कारण अमर्याद बोलणं देशापुरतंच असतं.

मामा आता अमळनेरजवळ गावीच असतात. मुलगा भेस्तानला, त्याचं स्वतःचं एम्ब्रॉयडरीचं मशीन आहे. तो रोज फोन करतो, कितीही वेळ बोलतो. रविवारी मात्र मामा स्वतः लावतात. आधी चष्मा, मग खिशातून कागद. त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं असतं: पाऊस, नातवाची शाळा, भाडेकरू, गुडघा.