पोकरच्या टेबलावरून उठायचं नेमकं कधी?

पणजीत मांडवी नदीतल्या एका कॅसिनो बोटीवर रात्रीचे दोन वाजलेत. दहा हजार रुपये घेऊन बसलेला एक खेळाडू सहा हजार हरलाय. डोळे मिटतायत, तरी तो म्हणतो, "गेलेले काढतो आणि उठतो." शेजारचा चार हजार जिंकलाय. तो मात्र चिप्स गोळा करून निघालाय. "मिळाले तेवढे पुरे!"

दोघांचंही वागणं आपल्याला ओळखीचं वाटतं. पण पोकरच्या हिशेबाने दोघंही चुकीचा प्रश्न विचारतायत.

हरलेला माणूस उठत का नाही?

डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक गाजलेला अभ्यास मांडला. त्यात लोकांना विचारलं होतं: ३००० नक्की गमवाल, की ४००० गमवण्याची ८० टक्के शक्यता असलेली जोखीम घ्याल? ९२ टक्के लोकांनी जोखीम निवडली. सरासरीने त्यात तोटा जास्त असूनही! तोच प्रश्न जिंकण्याबद्दल विचारल्यावर ८० टक्के लोकांनी नक्की मिळणारे ३००० घेतले.

म्हणजे जिंकताना आपण जपून वागतो आणि हरताना धाडस करतो. टेबलावरून उठणं म्हणजे तोटा मान्य करणं. बसून राहिलं की तो अजून पक्का झालेला नाही असं वाटत राहतं.

पण पत्त्यांना मागचं काही आठवत नाही. प्रत्येक डावाआधी ते नव्याने पिसले जातात. सहा हजार गेले म्हणून पुढचा डाव चांगला येईल असं काही नसतं.

'टिल्ट' म्हणजे काय?

हा शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आलाय. खेळणाऱ्याने यंत्र जास्त हलवलं की त्यावर 'टिल्ट' अशी पाटी उजळायची आणि खेळ थांबायचा. पोकरमध्ये रागाने किंवा निराशेने डोकं फिरलं की खेळाडू 'टिल्ट' झाला म्हणतात.

यात नशिबाचाही हात असतो. टेक्सास होल्डेममध्ये सुरुवातीला एक्क्यांची जोडी हातात असली, तरी राजांच्या जोडीसमोर ती साधारण पाचपैकी एकदा हरते. बरोबर खेळूनही हरलेला तो एक डाव पुढचे दहा डाव बिघडवतो. फरक एवढाच, की माणसाच्या कपाळावर पाटी उजळत नाही.

मग उठायचं कधी?

खरा प्रश्न 'किती जिंकलो, किती हरलो' हा नाही. 'आत्ता मी नीट खेळतोय का?' हा आहे.

• खेळ बिघडला की: टाकून द्यायचे पत्तेही खेळावेसे वाटतात, एखाद्यावर सूड उगवावासा वाटतो, नेहमीपेक्षा मोठी रक्कम लावली जाते. यातलं एक जरी दिसलं तरी उठावं.

• टेबल बदललं की: पोकर इतर खेळाडूंविरुद्ध खेळतात. कच्चे खेळाडू गेले आणि मुरलेले उरले तर आपली बाजू कमजोर होते. शिवाय कॅसिनो पॉटमधून आपला हिस्सा कापतो. त्याला 'रेक' म्हणतात. जितका वेळ बसाल तितका तो भरत राहाल.

• ठरवलेली मर्यादा संपली की: रक्कम आणि वेळ बसण्याआधीच ठरवा. यामुळे पत्ते बदलत नाहीत. पण रात्री दोन वाजता, हरल्यावर, आपण चांगले निर्णय घेत नाही. तो निर्णय संध्याकाळी शांत डोक्याने घेतलेला बरा. पोकरपटू ॲनी ड्यूक यांनी 'क्विट' या २०२२ च्या पुस्तकात हेच सुचवलंय: सोडण्याच्या अटी आधी ठरवा.

आणि जिंकत असाल तर? डोकं ताजं असेल, टेबल सोपं असेल तर केवळ जिंकलो म्हणून उठायची गरज नाही. दमला असाल, तर जिंकतानाही उठावं.

उठणं जमतच नसेल तर?

ठरवलेली मर्यादा दर वेळी मोडतेय, उधारी करून खेळ चाललाय, घरच्यांपासून आकडे लपवले जातायत? मग प्रश्न एका रात्रीचा राहिलेला नाही. अशा वेळी सरकारच्या 'टेली मानस' या मोफत हेल्पलाईनवर, १४४१६ या क्रमांकावर, बोलता येतं.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. पण कायदा ॲप बंद करू शकतो. 'गेलेले काढतो आणि उठतो' हा विचार ज्याचा त्यालाच थांबवावा लागतो.