‘ये २५५ है, भैया’

बारकोड स्कॅनर संगणकाला स्वतःची ओळख ‘कीबोर्ड’ अशी करून देतो, हे रायपूरच्या जयस्तंभ चौकालगतच्या एका दुरुस्तीच्या दुकानात कळलं आणि मी तिथेच रेंगाळलो. स्कॅनर पाकिटावर फिरतो, पडद्यावर आकडे उमटतात. लिनक्सच्या लेखी ते कुणीतरी टाइप केलेले असतात. ना सीडी, ना वेगळा ड्रायव्हर.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. म्हणून आता इथे जुने संगणक येतात, त्यात बरेचसे च्वाइस सेंटरवाल्यांचे, म्हणजे लोकांची सरकारी कामं करून देणाऱ्या केंद्रांचे. कारागीर पंचविशीचा, अंगाला सोल्डरिंगच्या धुराचा वास. धूळ झटकून तो लिनक्स मिंट चढवतो, मग एकेक उपकरण जोडून काळ्या पडद्यावर क्लासचा आकडा शोधतो. माउस, कीबोर्ड, स्कॅनर ३. पेन ड्राइव्ह ८. वेबकॅम १४. हे यूएसबीच्या नियमावलीतले वर्ग. कंपनी कुठलीही असो, वर्ग कळला की लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, सामाईक ड्रायव्हर काम हाती घेतो.

ही सोय आयती मिळालेली नाही. २००७च्या सुमारास फ्रान्समधल्या एका डॉक्टराने दोनशेहून जास्त वेबकॅम लिनक्सवर चालते केले होते. प्रत्येक चिपची खोड निराळी, ती हुडकत बसायचं. २००८मध्ये २.६.२६ कर्नलमध्ये यूव्हीसी (यूएसबी व्हिडिओ क्लास) ड्रायव्हर आला आणि नियम पाळणाऱ्या कॅमेऱ्यांना तो एकच पुरू लागला.

मग एका सेंटरवाल्याच्या पिशवीतून अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र निघालं. ओळ वाचून कारागीर म्हणाला, “ये २५५ है, भैया.” २५५ म्हणजे ‘आमच्या कंपनीपुरतं’. सामाईक ड्रायव्हर त्याला हात लावत नाही. कंपनीने लिनक्ससाठी काही दिलं असेल किंवा कुणी त्याच्यासाठी वेगळा ड्रायव्हर लिहिला असेल, तरच चालणार. सेंटरवाल्याचं तर पोटच अंगठ्यावर. तो गप्प उभा राहिला. “२५५ निकला तो हमारे हाथ में कुछ नहीं,” कारागीर पुन्हा म्हणाला आणि संगणकावर विंडोज परत चढवायला बसला.

सामाईक ड्रायव्हरला माउसची जादा बटणं, रंगीत दिवे सगळंच जमतं असं नाही. अंगठ्याच्या यंत्रात सुरक्षेचं कारण पटतंही. पण एखाद्या साध्या वेबकॅमलाही २५५ दिलेला असतो, तो कशासाठी? गिऱ्हाईक बांधून ठेवण्यापलीकडे मला तरी कारण दिसलं नाही.

वेबकॅम घेताना खोक्यावर ‘यूव्हीसी’ लिहिलंय का पाहा. प्रिंटर घेताना ड्रायव्हर न टाकता छापतो का, ते विचारा. दुकानदार अडखळला, तर दुसरा दाखवायला सांगा.