क्ष-किरण दुर्बीण आणि कडेचा तारा



आठवीला 'अ‍ॅस्ट्रोसॅट' शिकवत होतो. एका मुलीनं विचारलं, "सर, फोटोच्या कडेला तारा अंधुक दिसला, म्हणजे तो खरंच अंधुक असतो का?" मी "हो" म्हणून मोकळा झालो. चुकलंच माझं. दुसऱ्या दिवशी वर्गात जे दुरुस्त केलं, तेच इथं लिहितो.

अ‍ॅस्ट्रोसॅट 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावला. त्याच्यावरची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं ब्रिटनमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या सहकार्यानं बनवली. क्ष-किरण आरशावर सरळ आदळला तर परत फिरत नाही, आत शोषला जातो. अगदी घासून गेला तरच परावर्तित होतो. आपली पोरं वैनगंगेत चपटा दगड फेकतात ना, तसंच. पाण्यालगत फेकला की टप्पे घेत जातो, वरून टाकला की डुबुक!

म्हणून या दुर्बिणीत सोन्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची 40 नळकांडी एकात एक बसवली आहेत. भंडाऱ्याच्या दुकानात पितळी गंजात गंज ठेवतात तशी. किरण एक अंशाहूनही कमी कोनात दोनदा घासतो आणि 2 मीटर मागच्या कॅमेऱ्यावर पोचतो.

आता तारा अक्षापासून थोडा बाजूला असला तर? नळकांड्याच्या एका अंगाला कोन वाढतो, तिथं परावर्तन घटतं. जास्त ऊर्जेच्या किरणांचं तर फारच, कारण त्यांना आणखी लहान कोन लागतो. दुसऱ्या अंगाला पत्रा किरणांना जवळजवळ समांतर होतो, त्यामुळे त्याच्यावर किरणच कमी पडतात. काही किरण दुसऱ्या पत्र्यापर्यंत पोचत नाहीत, काहींना शेजारचा पत्रा आडवा येतो. या घटीला 'विग्नेटिंग' म्हणतात.

समजा कडेला निम्मेच किरण पोचले. तेवढेच किरण जमवायला दुप्पट वेळ हवा. त्यात पार्श्वभूमीचे नको असलेले किरण मिसळतात, म्हणून फिकट तारा ओळखायला त्याहूनही जास्त. घट किती हे शास्त्रज्ञांनी मोजलेलं असतं, त्यामुळे दिसलेल्या ताऱ्याची खरी तेजस्विता हिशेबानं काढता येते. पण जो दिसलाच नाही, त्याला हिशेब काय करणार? तो तिथं नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

घरी करून बघा: वीस-पंचवीस स्ट्रॉची जुडी बांधा, ट्यूबलाइटकडे रोखा (सूर्याकडे अजिबात नको!) आणि हळूच तिरकी करा. उजेड पटकन कमी होतो. खरं तर हे अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्याच 'लॅक्सपीसी' या उपकरणाच्या जास्त जवळचं आहे. त्यात आरसे नाहीतच, नुसत्या अरुंद वाटा आहेत.