मोटार विमा व अपघातग्रस्तांचा वैद्यकीय खर्च

मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीच्या उपचारांचा खर्च वाहनाच्या विम्यातून भागविण्याची व्यवस्था. भारतात मोटार विमा हा मूलतः दायित्वाचा विमा आहे. वाहनमालकावर त्रयस्थ व्यक्तीला भरपाई देण्याची जी कायदेशीर जबाबदारी येते, ती विमा कंपनी स्वतःवर घेते. जखमीचे रुग्णालयातील देयक थेट चुकते करणे हा या विम्याचा मूळ हेतू नव्हता. त्यामुळे खर्च अपघाताच्या दिवशी करावा लागतो आणि विम्याची रक्कम मात्र न्यायाधिकरणाच्या निवाड्यानंतर हाती पडते. हे अंतर कमी करण्याच्या प्रयत्नांतूनच या विषयावरील भारतीय कायद्याचा विकास झाला आहे.

ऐतिहासिक आढावा : इंग्लंडमध्ये १९३० च्या कायद्याने त्रयस्थ विमा सक्तीचा झाला. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९३९ मध्ये तशी तरतूद होती व ती १ जुलै १९४६ पासून अंमलात आली. भरपाईसाठी दिवाणी दावा लावण्याऐवजी अर्ज करता यावा, म्हणून १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद करण्यात आली. तरीही चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार जखमीवरच राहिला. १९८२ च्या दुरुस्तीने दोषनिरपेक्ष दायित्वाचे तत्त्व प्रथम स्वीकारले व मृत्यूसाठी १५,००० रु. आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रु. ठरविले. १ जुलै १९८९ पासून मोटार वाहन अधिनियम, १९८८ लागू झाला. त्यातील १९९४ च्या दुरुस्तीने सूत्रबद्ध भरपाईची पद्धत आणली. तीत वैद्यकीय खर्चासाठी १५,००० रुपयांची कमाल मर्यादा होती. २०१९ च्या दुरुस्तीने ही पद्धत रद्द झाली. तिच्या जागी मृत्यूसाठी ५ लाख रु. व जबर दुखापतीसाठी २.५ लाख रु. अशी दोषनिरपेक्ष भरपाई आली. ती १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आहे.

अन्य देशांत निराळा मार्ग चोखाळला गेला. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्याने १९७१ पासून दोष कोणाचा हे न पाहता वाहनाच्या स्वतःच्या विम्यातून जखमीचा उपचारखर्च देण्याची पद्धत सुरू केली. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघात-भरपाईची राष्ट्रीय योजनाच कार्य करते.

विमापत्राची व्याप्ती : केवळ कायद्याने सक्तीचे असलेले विमापत्र घेतले असता कोणास संरक्षण मिळते, याविषयी बरेच गैरसमज आढळतात. पादचारी, सायकलस्वार, बैलगाडीवान व दुसऱ्या वाहनातील व्यक्ती हे त्रयस्थ होत. ट्रकने मोटारसायकलला धडक दिल्यास मोटारसायकलच्या मागील आसनावरील व्यक्ती ट्रकच्या विम्याच्या दृष्टीने त्रयस्थ ठरते. तीच मोटारसायकल स्वतःहून घसरली, तर मागे बसलेल्या व्यक्तीची जबाबदारी अशा विमापत्रात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले आहे. सर्वसमावेशक (पॅकेज) विमापत्रात मात्र तिला संरक्षण मिळते. मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्यांबाबतही विमा कंपनी जबाबदार नाही, असा निर्णय आशा राणी प्रकरणात २००२ मध्ये झाला. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत प्रवास करीत असल्यास त्याला १९९४ च्या दुरुस्तीनुसार संरक्षण आहे.

वाहनमालक स्वतः चालक असल्यास त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तथापि ही रक्कम मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यासच मिळते. साधा अस्थिभंग होऊन महिनाभर अंथरुणास खिळलेल्या मालक-चालकाला तिच्यातून रुग्णालयाचे देयक देता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र आरोग्य विमाच उपयोगी पडतो.

भरपाईची बाबवारी व दाव्याची पद्धती : आर. डी. हट्टंगडी प्रकरणात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचे आर्थिक व अनार्थिक हानी असे दोन भाग स्पष्ट केले. राज कुमार प्रकरणात (२०१०) त्यांची बाबवार मांडणी झाली. उपचार, औषधे, रुग्णालयातील वास्तव्य, ने-आण, पोषक आहार, बुडालेली कमाई व भावी उपचार या बाबी आर्थिक हानीत येतात. वेदना व जीवनातील सुखाची हानी या बाबी अनार्थिक होत. औषधांच्या मूळ पावत्या, भरती व सुटीची कागदपत्रे, इजा प्रमाणपत्र, प्रथम खबर आणि घटनास्थळाचा पंचनामा हा दाव्याचा मुख्य पुरावा असतो. घाईत घेतलेल्या औषधाची पावती न ठेवल्यास तो खर्च सिद्ध करणे कठीण जाते.

अपघाताच्या ठिकाणच्या, अर्जदाराच्या निवासस्थानाच्या किंवा प्रतिपक्षाच्या निवासस्थानाच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे; तिच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत व तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणास सादर करावा, असा नियम आहे. जखमीने आरोग्य विम्यातून काही रक्कम मिळविली असल्यास ती वैद्यकीय खर्चाच्या भरपाईतून वजा करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२५ मध्ये दिला. आरोग्य विमा हा वेगळ्या हप्त्यावर आधारलेला स्वतंत्र करार आहे, हे त्यामागील तत्त्व होय.

तातडीचे उपचार : परमानंद कटारा प्रकरणात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने जखमीवर आधी उपचार व नंतर पोलिसी सोपस्कार, हे शासकीय व खाजगी अशा सर्व वैद्यांचे कर्तव्य ठरविले. पण उपचारांचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न शिल्लक राहिला. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातानंतरच्या पहिल्या तासास ‘सुवर्णतास’ अशी कायदेशीर व्याख्या दिली आणि त्या काळातील रोकडरहित उपचारांची योजना करण्यास केंद्र शासनास बांधील केले. चंडीगढमध्ये मार्च २०२४ मध्ये प्रायोगिक योजना सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुदत घालून दिल्यानंतर ५ मे २०२५ रोजी देशव्यापी योजना अधिसूचित झाली. तीनुसार प्रत्येक जखमीस अपघातापासून सात दिवसांपर्यंत नियुक्त रुग्णालयात १.५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. नियुक्त नसलेल्या रुग्णालयात केवळ प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार या योजनेत येतात. वाहन विमा उतरविलेले असल्यास हा खर्च विमा कंपन्यांच्या अंशदानातून, तर विमा नसलेल्या किंवा पळून गेलेल्या वाहनाच्या बाबतीत केंद्र शासनाच्या निधीतून केला जातो. विम्याचा पैसा न्यायाधिकरणाच्या आधी रुग्णालयापर्यंत पोहोचण्याची ही भारतातील पहिली देशव्यापी व्यवस्था होय.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची रस्ते अपघात विमा योजना मंजूर केली. तीत पहिल्या ७२ तासांसाठी ३०,००० रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय होती. २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या विस्तारात रस्ते अपघातासाठीची मर्यादा १ लाख रु. करण्यात आली.

जालना जिल्ह्यातील परिस्थिती : हा जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना शहरातील पोलाद व बी-बियाण्यांच्या उद्योगांमुळे येथे अवजड मालवाहतूक मोठी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर–शिर्डी असा खुला झालेला समृद्धी महामार्ग जालना व बदनापूर तालुक्यांतून जातो. सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग अंबड तालुक्यातील शहागडवरून जातो. गंभीर जखमींना पूर्वापार सु. ६० किमी. अंतरावरील छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या बोलीतील ‘घाटी’त, हलविले जाते. मंठा व परतूर हे तालुके जिल्ह्याच्या पूर्वेस असल्याने तेथून हे अंतर आणखी वाढते व सुवर्णतास वाटेतच संपतो. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे आणि जालना येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. रोकडरहित उपचारांचा लाभ मात्र जवळच्या अंतरावर नियुक्त रुग्णालय असण्यावर अवलंबून राहतो.

जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी दरवर्षी स्थलांतर होते. ट्रक व ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून संसारासह जाणाऱ्या या मजुरांच्या बाबतीत विमा कंपनी ‘फुकट प्रवासी’ असा बचाव घेऊ शकते. त्यामुळे मजुरांची ने-आण करणाऱ्या मालकाने विमापत्रात कोणाचे संरक्षण समाविष्ट आहे हे पाहणे अगत्याचे ठरते. पळून गेलेल्या अज्ञात वाहनामुळे जबर दुखापत झाल्यास ५०,००० रु. व मृत्यू झाल्यास २ लाख रु. मिळतात. त्यासाठी उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे अर्ज करावा लागतो व जिल्हाधिकारी त्यास मंजुरी देतात. जिल्ह्याच्या न्यायाधिकरणाच्या निवाड्यावरील अपील उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे चालते.

मूल्यमापन : रोकडरहित योजनेची मर्यादा सात दिवसांची आहे. मेंदूला वा मणक्याला इजा झालेल्या रुग्णाचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. त्यापुढील खर्चासाठी न्यायाधिकरणाचा निवाडा होईपर्यंत कुटुंबास उसनवारी करावी लागते किंवा शेतजमीन गहाण टाकावी लागते. भरपाईवर व्याज देण्याचा अधिकार न्यायाधिकरणास आहे. परंतु वेळीच न झालेल्या उपचाराची भरपाई व्याजाने होत नाही. विमा कंपनीने नेमलेल्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यावा, ही २०१९ च्या दुरुस्तीतील तरतूद या दृष्टीने महत्त्वाची आहे. पोलिसांचा अहवाल वेळेवर सादर होणे आणि जखमीने पावत्या जपून ठेवणे, या दोन्ही गोष्टी तिच्या यशासाठी आवश्यक आहेत.